धावेची ढांग

४ नोव्हेंबर

पुतणी संध्याकाळी येऊन ओट्यावर बसली. पोलीस भरतीची तयारी करते. मैदानी चाचणीचे ५० गुण, त्यातले २० एकट्या ८०० मीटर धावण्याला. उरलेले १०० मीटर आणि गोळाफेकीला. मुलांना ८०० च्या जागी १६०० मीटर. पहाटे ती कालव्याकडेच्या रस्त्यानं पळते आणि अंतर मनगटावरचा बँड सांगतो.

"काका, ८०० मीटरला चार मिनिटांच्या आसपासच अडकलेय. कितीही जीव काढला तरी खाली येत नाही. सोडून द्यावं वाटतंय."

तिचं पळणं मी पाहिलंय. ते एवढं संथ नाही. वेळेचं राहू दे म्हटलं, आधी अंतर सांग. ८०० मीटर म्हणजे कुठून कुठवर?

"बँड थरथरतो तिथवर."

सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून झाली. हातभर बांधासाठी सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघेनासे झालेले पाहिलेत. अंतर कुणी मोजलं आणि कशानं मोजलं, हे विचारल्याशिवाय मी कुठल्याच आकड्यावर सही केली नाही. या आकड्यावर तर पोरीची नोकरी अवलंबून आहे.

५ नोव्हेंबर

बँडचं ॲप दोघांनी मिळून उघडलं. बँडमध्ये जीपीएस नाही, आणि पळताना मोबाइल ती घरी ठेवते. म्हणजे या बँडला रस्ता दिसतच नाही. त्याच्या पोटात त्वरण मोजणारी एक बारीक चिप असते. हात पुढेमागे होताना आणि पाय जमिनीवर आदळताना बसणारे हिसके ती तीन दिशांनी टिपते. त्या हिसक्यांवरून पावलं मोजायची आणि पावलांना एका पावलाच्या लांबीनं गुणायचं, एवढंच त्याचं गणित. चालण्याची लांबी वेगळी, धावण्याची वेगळी.

त्या दोन लांब्या आल्या कुठून? पोरीनं ॲपमध्ये उंची १६० सेंटिमीटर आणि 'स्त्री' एवढंच भरलं होतं. बाकीचं त्यानं मनानंच धरलं: चालताना ६६ सेंटिमीटर, धावताना १.१५ मीटर. ६६ चा उलगडा लगेच होतो. उंचीच्या ०.४१३ पट हे बायकांसाठी सर्रास वापरलं जाणारं गुणक आहे, पुरुषांसाठी ०.४१५. धावण्याचा आकडाही असाच कुठल्या तरी सरासरीतून आलेला. या पोरीची ढांग कुणी मोजलेलीच नाही.

८ नोव्हेंबर

ढांग मोजायची तर आधी खरं अंतर हवं. रस्त्यावरचे दोनशे मीटरचे दगड वापरावेत असं एकानं सुचवलं. रस्ता रुंद करताना ते दगड उपटून पुन्हा रोवले जातात, आणि पुन्हा रोवताना टेप लावली की नुसती नजर, हे दगडाकडे बघून कळत नाही. मला ते चालणार नाहीत.

सर्वांत विश्वासाचं अंतर म्हणजे नियमानं बांधलेला ४०० मीटरचा ट्रॅक. त्याच्या दोन सरळ बाजू प्रत्येकी ८४.३९ मीटर, वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर. अंतर आतल्या कठड्यापासून ३० सेंटिमीटर बाहेर धरतात, कारण धावणारा माणूस कठड्याला घासून पळत नाही. तेही फक्त पहिल्या पट्ट्यापुरतं. प्रत्येक पट्टा १.२२ मीटर रुंद असल्यामुळे दुसऱ्या पट्ट्यातली फेरी ४०७.०४ मीटरची होते आणि आठव्यातली ४५३.०३ मीटरची. बाहेरच्या पट्ट्यात गर्दी नसते म्हणून पोरं तिथं चार फेऱ्या मारतात आणि १६०० झाले म्हणतात. प्रत्यक्षात दोनशेहून जास्त मीटर वरचे पळालेली असतात.

असा ट्रॅक आमच्यापासून लांब आहे. रोज पहाटे एसटीनं तिथं जाणं पोरीला शक्य नाही. मग गावातल्या हायस्कुलाचं मैदान. ४०० मीटर तिथं बसत नाही, २०० बसतं. मुख्याध्यापकांना भेटलो, त्यांनी आनंदानं होकार दिला आणि फक्कीचं पोतंही देऊ केलं.

१० नोव्हेंबर

आखणी झाली. इतरांना उपयोगी पडेल म्हणून आकडे सविस्तर लिहून ठेवतो.

वळणाची त्रिज्या १८ मीटर घेतली. इथं कठडा नाही, नुसती फक्कीची रेघ. अशा वेळी अंतर रेघेपासून २० सेंटिमीटर बाहेर धरायचं. म्हणजे मोजणीची त्रिज्या १८.२०, दोन्ही वळणं मिळून ११४.३५ मीटर. उरलेल्या ८५.६५ चे दोन भाग केले की सरळ बाजू ४२.८२ मीटर येते. एकूण लांबी ७९ मीटरला किंचित कमी, रुंदी ३६. साध्या शाळेच्या मैदानात मावणारं माप आहे.

आधी ४२.८२ गुणिले ३६ चा आयत. काटकोन तीन-चार-पाचच्या त्रिकोणानं काढला आणि दोन्ही कर्ण मोजून पडताळला. कर्ण ५५.९४ भरले की आयत खरा. एक कमी, एक जास्त आला तर आयत तिरका झालाय. मग ३६ मीटरच्या दोन्ही बाजूंच्या मध्यावर खुंट ठोकून वळणं फिरवली. त्यासाठी सुतळी घेऊ नये, ती ताणते. पोलादी टेप घ्यावी आणि दर वेळी सारख्याच ताणानं धरावी. उन्हात पोलाद वाढतं, पण दहा अंशांच्या फरकानं ३० मीटरला साडेतीन मिलिमीटर, म्हणजे २०० मीटरला अडीच सेंटिमीटरसुद्धा नाही. धावणाऱ्यासाठी ते सोडून द्यावं. न सोडण्याची गोष्ट वेगळीच आहे: रेघेपासून मीटरभर बाहेर पळालात तर प्रत्येक फेरीला सव्वासहा मीटर वाढतात, चार फेऱ्यांना पंचवीस. पोरीला सांगितलं, आतली रेघ सोडायची नाही.

खात्यात पूर्वी ३३ फुटांची साखळी असे; तिचा चौरस म्हणजे गुंठा. वापरून वापरून कड्या झिजत, साखळी लांबे, आणि जमीन कागदावर कमी भरे. म्हणून कामाला लागण्याआधी साखळीच तपासायची हा दंडक होता. मनगटावरच्या यंत्रालाही मी तोच लावणार आहे.

११ नोव्हेंबर

पहिली मोजणी. पावलं मोजायला आईचं जपाचं यंत्र घेतलं, बोटात घालायचं, दाबलं की आकडा पुढं सरकतो ते. बँड डाव्या मनगटावर, यंत्र उजव्या हातात. दाबताना हात वेडावाकडा हलला तर बँडची मोजणी बिघडते, म्हणून दोन्ही एका हातात नकोत. प्रत्येक पावलाला दाबणं धावताना जमत नाही. उजवा पाय टेकला की दाबायचं आणि शेवटी दुप्पट करायचं; फेरी सुरू झाली त्याच पायावर संपली तर एका पावलाचा फरक धरायचा. दुप्पट विसरू नये. उजव्यापासून पुन्हा उजव्यापर्यंतचं अंतर ॲपमध्ये भरलं तर गावाला एक चक्कर मारून दोन चकरांचं अंतर दिसेल.

आधी चालणं: २०० मीटरला २८० पावलं, पाऊल ७१ सेंटिमीटरचं. बँडनं धरलेले ६६.

मग सावकाश धाव: एका फेरीला १९९ पावलं, वेळ १ मिनिट १२ सेकंद. ढांग १ मीटर, वर अर्धा सेंटिमीटर.

मग थोडी विश्रांती घेऊन भरतीच्या जोरानं चार फेऱ्या. मी फेरीगणिक आकडा ओरडून विचारत होतो, ती धापा टाकत सांगत होती. दुप्पट करून: १४६, १४९, १५२, १५३. एकूण ६००. ढांग १.३३ मीटर. वेळ ३ मिनिटं २१ सेकंद.

ती घड्याळाकडे बघत उभी राहिली. "काका, हे ८०० च का? पुन्हा मोजा." टेप दिली तिच्या हातात, म्हटलं, तूच मोज. तिनं सरळ बाजू मोजली, खुंटापासून रेघ मोजली आणि मग बसली.

१२ नोव्हेंबर

काल रात्री हिशेब पुरा केला. जपाच्या यंत्रावर ६०० पावलं असताना बँडवर ५८८ होती. म्हणजे बारा पावलं त्यानं टिपलीच नाहीत. ॲपमध्ये भरायचा आकडा ठरवताना ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. बँड गुणाकार करणार तो स्वतःच्या मोजणीशी, माझ्या मोजणीशी नाही. म्हणून ८०० ला ५८८ नं भागायचं: १.३६. पोरीची खरी ढांग १.३३ असली तरी या बँडमध्ये १.३६ च भरायची. यंत्राची खोड माहीत असली आणि ती कायम एकसारखी असली, तर त्या यंत्राकडून बरोबर काम करून घेता येतं.

आता कालव्याकडेच्या रस्त्याचा उलगडा. जुन्या १.१५ नं ८०० मीटर दाखवायला बँडला ६९६ पावलं लागायची. भरतीच्या जोरानं तेवढ्या पावलांत ही पोर साधारण ९४६ मीटर जाते. दीडशे मीटर जास्तीचे पळून ती स्वतःला संथ समजत होती, आणि त्यावरून सगळं सोडून द्यायला निघाली होती. मला याचा राग आला, अजून आहे. आकडा चुकला तर यंत्राचं काही बिघडत नाही, माणूस मात्र स्वतःबद्दलचं मत बदलून बसतो.

१७ नोव्हेंबर

बातमी गावभर. आज सहा वाजता मैदानावर पोरांची रांग, प्रत्येकाच्या मनगटावर वेगळा बँड. थंडी चांगलीच पडली आहे.

त्यातल्या एकाचा हिशेब नेमका उलटा निघाला. उंच पोरगा, बँडनं उंची बघून ढांग धरलेली १.५० मीटर. १६०० मीटरच्या आठ फेऱ्यांतली त्याची पावलं: १३९, १४०, १४१, १४२, १४३, १४५, १४७, १४६. बेरीज ११४३, सरासरी १.४० मीटर. त्याच्या बँडची पावलं बरोबर होती, लांबी चूक. १६०० म्हणून तो रोज पळत होता ते १५०० मीटरसुद्धा भरत नव्हते. परीक्षेच्या मैदानावर उरलेले शंभर मीटर अचानक समोर आले असते, म्हणजे पंचवीस सेकंद. भरतीत पंचवीस सेकंद फार मोठे आहेत.

"सर, म्हणजे माझं ५:५५ खोटं?"

त्याला जवळ बसवून त्या आठ आकड्यांकडे बघायला लावलं. पहिल्या फेरीला १३९ आणि सातव्या फेरीला १४७, म्हणजे दमल्यावर ढांग १.४४ वरून १.३६ वर आली. शेवटच्या फेरीत त्यानं जोर लावला तेव्हा एक पाऊल वाचलं. सराव कुठं वाढवायचा हे त्यात स्पष्ट लिहिलंय. बँडच्या एकाच आकड्यातून हे कधीच कळलं नसतं.

२३ नोव्हेंबर

पोरं विचारतात, उंचीवरून ढांग का नाही काढायची? हिशेब मांडून दाखवला. पुतणीची ढांग चालताना उंचीच्या ०.४५ पट, सावकाश धावताना ०.६३ पट, भरतीच्या जोरात ०.८३ पट. माणूस तोच, उंची तीच. उसेन बोल्टनं २००९ साली बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले तेव्हा साधारण ४१ पावलं टाकली होती, सरासरी २.४४ मीटर, त्याच्या १.९५ मीटर उंचीच्या सव्वापट. वेग वाढला की पावलांची गती थोडी वाढते आणि ढांग पुष्कळ वाढते. सावकाश धावताना पुतणीची मिनिटाला १६६ पावलं पडतात, जोरात १७९. ढांग मात्र एक मीटरवरून १.३३ वर जाते.

एकजण म्हणाला, मिनिटाला १८० पावलं पडलीच पाहिजेत असं व्हिडिओत सांगतात. तो आकडा जॅक डॅनियल्स या अमेरिकी प्रशिक्षकाचा. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये त्यांनी धावपटूंची पावलं मोजली आणि बहुतेकांची १८० किंवा त्याहून जास्त भरली. ते जगातले निवडक धावपटू होते आणि शर्यतीत धावत होते. गावच्या पोरानं सकाळच्या सावकाश धावेत तो आकडा ओढूनताणून गाठू नये.

२४ नोव्हेंबर

पाय दुखतात. काही मोजलं नाही.

१ डिसेंबर

नैनसिंह रावतांबद्दल आज पोरांना सांगितलं. मोजणी खात्यात काम केलेल्या माणसानं हे नाव विसरू नये.

कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातल्या मिलमचे, जन्म १८३०. तिबेटात परक्यांना बंदी होती आणि ब्रिटिशांना तिथला नकाशा हवा होता. तेव्हा त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या मॉन्टगोमरी यांनी हिमालयातल्या माणसांना यात्रेकरूच्या वेशात पाठवायचं ठरवलं. साखळी नेली असती तर तिथंच पकडले गेले असते, म्हणून अंतर पावलांनी मोजायचं. चढ असो, उतार असो, खडक असो, पाऊल एकाच लांबीचं पडलं पाहिजे, असा सराव त्यांच्याकडून करून घेतला. हातातल्या माळेत १०८ ऐवजी १०० मणी. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात दडवलेले. १८६५ मध्ये काठमांडूहून निघून ते जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोचले. १८७७ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं त्यांना सुवर्णपदक दिलं.

पुतणीनं विचारलं, मग आपणही एकाच लांबीनं पळायची सवय लावायची का? नाही. नैनसिंहांनी आपलं शरीर आकड्याला बांधून घेतलं, कारण त्यांना जमीन मोजायची होती. तुला जमीन मोजायची नाही, वेगानं पार करायची आहे. तुझी ढांग वेगाप्रमाणे मोकळी बदलू दे. बदलायला हवा तो बँडमधला आकडा.

८ डिसेंबर

तो बदलायचा तरी कितीदा? हा प्रश्न खरा अडचणीचा आहे. १.३६ भरून पुतणी आज सावकाश धावली, आणि मैदानावरच्या पाच फेऱ्या, म्हणजे बरोबर एक किलोमीटर, बँडला १.३५ किलोमीटर वाटले. जुन्या १.१५ नं तो सावकाश धावेत अंतर जास्त दाखवत होता आणि जोराच्या धावेत कमी. एकच आकडा दोन्ही वेगांना पुरत नाही, आणि तिच्या बँडमध्ये धावण्यासाठी जागा एकाच आकड्याची आहे.

मी ठरवलेली रीत अशी. बँडमध्ये परीक्षेच्या वेगाचाच आकडा ठेवायचा, कारण गुण तिथं आहेत. सावकाश धावेच्या दिवशी अंतराकडे बघायचंच नाही. अर्धा तास, चाळीस मिनिटं, असं वेळेवर धावायचं. आणि वेग सुधारला की पुन्हा मैदानावर येऊन आकडा नव्यानं काढायचा.

घाटात तर बँडवर मुळीच विसंबू नये. रविवारी काही पोरं यवतेश्वरच्या घाटात चढून आली. चढाला ढांग आखडते, उताराला पसरते, आणि सपाटीवरचा आकडा दोन्हीकडे खोटा ठरतो.

१५ डिसेंबर

जीपीएसवाले मोबाइल हातात घेऊन दोघे आले. मैदानावर मोबाइलनं प्रत्येक फेरीला वेगळंच अंतर दाखवलं. मोकळ्या आभाळाखालीसुद्धा मोबाइलच्या जीपीएसला काही मीटरची चूक असते. सरळ रस्त्यावर ती फारशी जाणवत नाही, पण १८ मीटर त्रिज्येच्या वळणावर तो ठिपके जोडताना कोपरे कापतो. त्यामुळे लांब, सरळ, मोकळ्या रस्त्याला जीपीएस आणि छोट्या मैदानाला टेप.

मोठ्या मॅरेथॉनचे मार्गही जीपीएसनं ठरवत नाहीत. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं फेरे मोजणारं यंत्र लावतात. पोलादी टेपनं आखलेल्या पट्टीवर ती सायकल आधी चालवून चाकाचं माप काढतात, आणि मग मार्ग मोजतात. मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून हजारामागे एक मीटर वाढवतात, ४२.१९५ किलोमीटरला ४२ मीटर. सगळ्या जगाच्या विक्रमांमागे शेवटी जमिनीवर ताणलेली एक टेपच आहे, हे वाचून फार बरं वाटलं.

२९ डिसेंबर

पुतणीची नवी मोजणी: १४२, १४४, १४६, १४६. एकूण ५७८, वेळ ३ मिनिटं ८ सेकंद. ढांग १.३८. बँडवर ५६७ पावलं, म्हणून ॲपमध्ये आता १.४१. शेवटच्या दोन फेऱ्यांत ढांग घसरली नाही, हे मला वेळेपेक्षाही मोलाचं वाटतं. ती आता आकडे स्वतःच वहीत मांडते, मला विचारत नाही.

५ जानेवारी

शेजारच्या दोन गावांतून निरोप आले, आमचंही मैदान आखून द्या. जाणार आहे. पण प्रत्येक तालुक्यात भरतीसाठी पहाटे अंधारात पळणारी शेकडो पोरं आहेत, आणि प्रत्येक तालुक्यात मोजणी खात्यातून निवृत्त झालेली माझ्यासारखी माणसं आहेत, पीटीचे शिक्षक आहेत. त्यांना माझी विनंती आहे: एक सकाळ काढा. पोलादी टेप, खुंट आणि फक्की घेऊन गावच्या शाळेच्या मैदानावर २०० मीटरची फेरी मोजून आखा. वळणांच्या मध्याचे दोन खुंट लोखंडी ठोका आणि जमिनीच्या बरोबरीला घ्या, म्हणजे कुणी अडखळणार नाही आणि पावसानंतर रेघ पुन्हा मारता येईल. त्रिज्या आणि सरळ बाजूचं माप शाळेच्या भिंतीवर रंगवून ठेवा, म्हणजे कुणालाही केव्हाही टेप लावून ते तपासता येईल.